मागच्या गल्लीतला सात-ब

मंगळवारी थोरली कामावर गेलीच नाही. सकाळी दहापासून ती स्वतःच्याच घराच्या पायरीवर बसून होती, बोलावणं करून आत कुणी न घेतलेल्या पाहुण्यासारखी.

घरोघर जायचं, भिंती मोजायच्या, छप्पर कसलं, फरशी कसली, बांधून किती वर्षं झाली, स्वतः राहता की भाड्याने दिलंय, हे सगळं लिहून घ्यायचं आणि त्यावरून घरपट्टी ठरवायची, हे तिचं वीस वर्षांचं काम. तिच्या आधी तिच्या वडिलांनी, अण्णांनी, हेच काम, याच कार्यालयात, तीस वर्षं केलं होतं. दर काही वर्षांनी सगळ्या शहराची फेरमोजणी निघे आणि आज पाळी त्यांच्या गल्लीची होती. आपलं घर आपल्याला मोजता येत नाही, हा नियम. तसा अर्ज तिने महिनाभर आधीच देऊन ठेवला होता, आणि तिच्या जागी पलीकडच्या प्रभागाचा निरीक्षक अकरा वाजता येणार होता. त्याला कार्यालयात सगळे लेझरवाला म्हणत. बाकीचे अजून टेपची दोन टोकं धरायला घरमालकाला कामाला लावत; हा हातातल्या डबीतून भिंतीवर लाल ठिपका पाडायचा आणि आकडा सांगून मोकळा व्हायचा.

लोक काय काय लपवतात हे थोरलीला तोंडपाठ होतं. नव्या मजल्यावर ओल्या चादरींच्या रांगा लावून तो झाकणारे तिने पाहिले होते. एका गृहस्थाने तीन भाडेकरू आपले मावसभाऊ म्हणून पुढे केले होते, आणि त्या मावसभावांना एकमेकांची नावं ठाऊक नव्हती. एका बाईने तर न्हाणीघराच्या दारावर देवाची तसबीर लावून ठेवली होती, म्हणजे निरीक्षक तिथे हात घालायचा नाही. थोरली अशा गोष्टी घरी येऊन रंगवून सांगे आणि जेवताना सगळे पोट धरून हसत.

पण सहा वर्षांपासून तिला त्या सांगताना आधीसारखी मजा येत नव्हती. सहा वर्षांपूर्वी, नोंदी कशा तपासायच्या हे नव्या मुलींना शिकवायला म्हणून तिने सहज आपल्याच घराचा कागद काढला. खाली चार खोल्या, वर दोन, न्हाणीघर, जिना. बस. स्वयंपाकघराच्या मागे, बोळ ओलांडला की लागणारी ती खोली, दहा फूट बाय चौदा, पक्क्या विटांची, ती कागदावर कुठेच नव्हती. थोरली पंधरा वर्षांची असताना ती बांधली गेली होती. तिच्या डोळ्यांसमोर विटा चढल्या होत्या. आणि कागदाखाली सही होती त्या काळच्या साहेबांची, अण्णांच्या जिवलग मित्राची.

तिने कागद जागच्या जागी ठेवला. ज्या माणसाच्या नावाने अख्खं कार्यालय शपथा खायचं, त्याने स्वतःच्या घरातली खोली खाल्ली होती. आणि तिने ते पाहून तोंड मिटून घेतलं होतं. अण्णांना विचारावं असं तिला शंभरदा वाटलं. चार वर्षं तिने आज विचारू, उद्या विचारू करत घालवली. मग अण्णांना झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा निम्मी गेली, आणि आता विचारणं म्हणजे आजारी माणसाचा छळ, असं म्हणायची तिला सोय झाली.

"ताई, आत ये जरा." दारातून धाकट्याने हाक मारली.

धाकटा, म्हणजे तिचा भाऊ, फर्निचरच्या दुकानात सोफे विकायचा. कुणालाही काहीही पटवून देण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. तो तिला स्वयंपाकघरातून मागच्या बोळात घेऊन गेला. तिथे मागच्या खोलीच्या दारासमोर आता त्यांचं मोठं लाकडी कपाट उभं होतं, भिंतीला चिकटून, जणू जन्मापासून तिथेच असल्यासारखं. पहाटेच सरकवलं असणार. धाकट्याचा शर्ट अजून पाठीला चिकटलेला होता.

फेरमोजणीची नोटीस आली त्याच दिवशी त्याने नोटिशीत लिहिलेल्या खोल्या मोजून पाहिल्या होत्या, असं त्याने सांगितलं. त्यालाही कळलं होतं. आठ दिवस तो तिच्या तोंडाकडे बघत होता, ती काही बोलते का म्हणून. थोरलीने कपाट हलवायला सांगितलं. तो हलला नाही. बाहेरून ती खोली शेजारच्या गोदामाला लागूनच आहे, त्यांचीच वाटते, मागच्या गल्लीकडचं दार तर कित्येक वर्षं उघडलेलं नाही, त्यावर रंगाचे दोन हात बसलेत; कोण कशाला शोधायला जातंय, असं त्याचं म्हणणं.

"पैशांचा प्रश्नच नाही," तो आवाज खाली आणून म्हणाला. "जो काय फरक असेल तो मी भरतो. पण हे आज बाहेर आलं तर पहिलं नाव कुणाचं निघेल? अण्णांना या वयात चोर ठरवायचंय तुला? त्यांना उलटून दोन शब्द बोलतासुद्धा येत नाहीत."

सहा वर्षं थोरली स्वतःला नेमकं हेच सांगत आली होती. भावाच्या तोंडून ऐकताना ते तिला अजिबात चांगलं वाटलं नाही.

धाकट्याचा त्या खोलीवर डोळाही होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. दुकान आज ना उद्या बंद पडणार. मग मागे सोफे दुरुस्तीचं काहीतरी टाकावं, असं तो लग्न झाल्यापासून म्हणत होता. अण्णांनी कधी परवानगी दिली नाही. कारणही दिलं नाही. ती खोली काकाची, म्हणजे अण्णांच्या पाठच्या भावाची. त्याने ती पुस्तकबांधणीच्या कामासाठी बांधली होती. पुढे आजी गेली, घर अण्णांकडे आलं, दोघा भावांत वाटणीवरून बिनसलं आणि काका अंगावरच्या कपड्यांनिशी निघून गेला. त्याला आता सव्वीस वर्षं झाली. अण्णांना भावाची आठवण नको असते, म्हणून ते ती खोली अडगळीशिवाय कशालाही वापरू देत नाहीत, अशी सगळ्यांनी समजूत करून घेतली होती.

अकराला पाच कमी असताना लेझरवाला आला. पोरगेलासा, चष्म्याचा, खांद्याला पिशवी. आधी अण्णांपाशी गेला आणि "नमस्कार साहेब" म्हणून वाकला. अण्णा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. सकाळी त्यांनी हातवारे करून दाढी करून घेतली होती आणि भावजयीकडून, म्हणजे धाकट्याच्या बायकोकडून, कामावर जायचा जुना पांढरा शर्ट घालून घेतला होता. भावजय दवाखान्यात परिचारिका होती आणि अण्णांचं अर्धं बोलणं घरात फक्त तिलाच समजत असे. तिने चहा विचारला. लेझरवाला म्हणाला, मोजून झाल्यावर. मोजणीआधी घरातलं काही घ्यायचं नाही, ही शिस्त त्या कार्यालयाला अण्णांनीच लावलेली. अण्णांनी मान हलवली. खूश झाले असावेत.

लाल ठिपका बैठकीच्या भिंतीवर पडला, मग जिन्याखाली, मग वरच्या खोल्यांत. लेझरवाला आकडे बोलत होता आणि काचेच्या डिजिटल पाटीवर टिपत होता. थोरली त्याच्यामागून चालत होती, धाकटा तिच्यामागून. न्हाणीघर झालं. स्वयंपाकघर झालं. ठिपका बोळातून सरकत गेला आणि कपाटाच्या दारावर जाऊन थांबला.

"इथे संपलं ना, मॅडम?"

तो विचारत होता ते निव्वळ रीत म्हणून. थोरलीला आपल्या मानेवर भावाचा श्वास जाणवत होता. बाहेरच्या खोलीत अण्णांची खुर्ची करकरली. तिला आठवलं, पहिल्या दिवशी अण्णांनी तिला एकच गोष्ट सांगितली होती: दिसेल ते लिहायचं, आणि दिसलं नाही असं कधी म्हणायचं नाही. हे सांगणाऱ्यानेच ते पाळलं नव्हतं, हे ठाऊक असूनही ते वाक्य तिच्या डोक्यातून जाईना.

"नाही," ती म्हणाली. "कपाटामागे दार आहे. आत दहा बाय चौदाची खोली आहे. बत्तीस वर्षं जुनी. नोंदीत नाही."

लेझरवाल्याने डबी खाली घेतली.

"आणि मला ते सहा वर्षांपासून माहीत आहे. तेही लिहा."

"ताई," धाकटा म्हणाला, आणि त्याने कपाटावर हात टेकला.

लेझरवाल्याने चष्मा काढून पुसला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, हे लिहिलं की चौकशी लागणार. बाहेर बसलेल्या साहेबांवर तर आहेच. तुमच्या नोकरीवरही."

"माहीत आहे."

जे व्हायचं ते होऊ दे, असं तिला सहा वर्षांत पहिल्यांदा खरोखर वाटलं. धाकटा वळून बाहेर निघाला. आता हा अण्णांसमोर जाऊन काय बोलतो, या धास्तीने ती त्याच्यामागे धावली, आणि दोघंही बैठकीच्या उंबऱ्यावर थबकले. समोरच्या दारात काका उभा होता.

सव्वीस वर्षांत त्याचे खांदे पुढे झुकले होते आणि केस गेले होते. अंगठे मात्र तेच, पुस्तकं चिकटवायच्या खळीने टणक झालेले, पिवळट. त्याच्या हातात घडी केलेला कागद होता. अण्णांच्या खुर्चीकडे त्याने पाहिलं नाही. नजर मुद्दाम भिंतीवर ठेवून तो बोलला.

"मागच्या दाराला पाव तास धडका दिल्या, कुणी उघडलं नाही. म्हणून इकडून यावं लागलं. बसायला आलेलो नाही. मला एवढंच सांगा, पोस्टमनने नाव ओळखून माझ्याकडे आणून दिलं, ते हे काय आहे? आयुष्यभर मी या घराकडे एक वीट मागितली नाही. आणि आता माझ्या नावावर घरपट्टी?"

भावजयीने त्याला कधी पाहिलेलं नव्हतं, तरी तिने खुर्ची पुढे केली. तो उभाच राहिला. त्याच्या मते हा अण्णांच्या मुलांचा डाव होता: म्हाताऱ्याची कसली तरी थकबाकी त्याच्या गळ्यात मारायची. तो आज सगळ्यांसमोर विचारायला आला होता, कारण नोटिशीत आजचीच तारीख होती.

"बघू," लेझरवाल्याने कागद घेतला आणि उलगडला. "मागची गल्ली, सात-ब." त्याचा चेहरा उजळला. "अहो, हे घर मी सकाळपासून शोधतोय. दोन चकरा मारल्या मागच्या गल्लीत. सातनंतर सरळ आठच येतो."

थोरलीने त्याच्या हातातून कागद जवळजवळ हिसकावून घेतला. मालमत्ता, एक खोली. दहा फूट बाय चौदा फूट. पक्क्या विटा. दार मागच्या गल्लीला. वापर, पुस्तकबांधणी. मालकाच्या नावाच्या रकान्यात काकाचं नाव होतं, पूर्ण, त्याच्या वडिलांच्या नावासकट.

ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर मटकन बसली.

घरांची नोंद दारावरून होते. ज्या गल्लीला दार, त्या गल्लीच्या वहीत घर. हे ती दर वर्षी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवत असे. काकाच्या खोलीचं दार मागच्या गल्लीत उघडायचं, गिऱ्हाइकं तिकडूनच यायची. आतून बोळात निघणारं दार आजीने त्याला जेवणाचं ताट द्यायला म्हणून नंतर भिंतीत पाडून घेतलं होतं. खोली बत्तीस वर्षं नोंदीत होती. शेजारच्या वहीत. तिने ती वही कधी उघडली नव्हती, कारण खोली ती शोधत नव्हतीच. तिने बापाची चूक शोधली, ती सापडली असं वाटलं, आणि तिथेच थांबली.

तिचा जीव भांड्यात पडला, आणि इतक्या जोरात पडला की तिला आधी हसू आलं आणि मग डोळे भरून आले. धाकट्याला काहीच कळेना. तिने त्याला ओढून शेजारी बसवलं आणि कागदावर बोट ठेवून दाखवलं. तो ओठ हलवत वाचत गेला, आणि वाचून झाल्यावर त्याने तोंडावरून दोन्ही हात फिरवले. पहाटेपासून पहिल्यांदा तो नीट टेकून बसला.

"म्हणजे अण्णांनी..."

"काही नाही केलं. काहीच नाही."

तोवर लेझरवाल्याने पाटीवर जुन्या वहीच्या पानाचं छायाचित्र शोधून काढलं होतं. बत्तीस वर्षांपूर्वीची पाहणी. खाली शेऱ्याच्या जागी गेलेल्या साहेबांचं बारीक, तिरकं अक्षर. त्याने मोठ्याने वाचलं.

"'पुढील घराच्या मालकिणीचा थोरला मुलगा आमच्याच कार्यालयात नोकरीस. खोलीचा मालक त्याचा सख्खा धाकटा भाऊ. सबब पाहणी मी स्वतः केली. खोली धाकट्या भावाने स्वकष्टाने बांधली असून, जागेसह ती त्याचीच समजावी, तीवर माझा वा माझ्या मुलांचा कोणताही हक्क राहणार नाही, असा थोरल्या भावाने लेखी जबाब दिला. जबाब सोबत जोडला आहे.'"

काकाने हात पुढे केला आणि पाटी घेतली. जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं हाताळलेला माणूस. त्याला काचेवर वाचायची सवय नव्हती. तो खिडकीच्या उजेडाकडे सरकला, म्हणजे अण्णांच्या खुर्चीजवळ, आणि पान डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचत राहिला. पुढच्या पानावर जबाब होता. ते अक्षर त्याला वाचून दाखवायची गरज नव्हती.

"तारीख बघा," तो कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाला. "खोलीला छप्पर पडलं त्याच आठवड्यातली. तेव्हा आमचं काही वाकडं नव्हतं. तेव्हाच लिहून ठेवलं याने."

मग तो अण्णांकडे वळला.

"आई गेल्यावर मी वाटणी मागितली, तेव्हा तू काय म्हणालास आठवतंय? म्हणालास, तुझं आहे ते तुझ्या नावावर आहेच. मला वाटलं टोमणा मारतोयस. माझ्या नावावर होतं काय, अंगावरचे कपडे. मी तसाच निघालो. अरे दादा, हे असं कोण सांगतं?"

अण्णांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर हलत होता. शब्द तोंडाशी येत होता आणि परत जात होता.

नेमक्या त्या वेळी धाकट्याला आपल्या सोफ्यांची आठवण झाली. तो वाईट माणूस नव्हता. पण बारा वर्षं एखाद्या खोलीवर जीव टांगून ठेवला की असं क्षणात सोडता येत नाही. घरपट्टीची नोंद म्हणजे काही मालकीचा पुरावा नव्हे, असं तो जरा चाचरत म्हणाला. ताईच हे लोकांना रोज सांगते.

ते खरं होतं. ती रोज सांगत असे. आठवड्याला कुणीतरी घरपट्टीची पावती नाचवत येई आणि ती त्याला समजावून परत पाठवी. पण आज तिला भावाच्या बाजूने एक अक्षरही बोलावंसं वाटेना.

"नोंद पुरावा नसेल," ती म्हणाली. "पण जबाब अण्णांचा आहे आणि अण्णा समोर बसलेत. विचार त्यांनाच."

धाकट्याला विचारावं लागलं नाही. अण्णांनी मान वर केली. कपाळाची शीर तटतटली.

"त्याची," ते म्हणाले. थांबले. श्वास घेतला. "पहिल्या... पासून."

तेव्हा भावजय पुढे आली. नवऱ्याकडे न बघता ती म्हणाली की झटका आल्यापासून घरपट्टी भरायला अण्णांना चाकाच्या खुर्चीतून तीच नेते, आणि दर वेळी ते खणातून दोन कागद काढून देतात. दोन पावत्या होतात. तिला वाटायचं मोठ्या घराच्या दोन असतात, एक खालची आणि एक वरची.

"तू कधी बोलली नाहीस," धाकटा म्हणाला.

"मला कुणी कधी विचारलं?"

थोरलीने मान खाली घातली. सहा वर्षं तिने ज्या गोष्टीची भीती घेऊन काढली, तिचं उत्तर याच घरात, खणातल्या पावत्यांत पडून होतं आणि भावजयीच्या तोंडी होतं. सगळं नोंदवून घेणं जिचं काम, तिने घरात एक साधा प्रश्न विचारला नव्हता.

कपाट सरकवायला तिघं लागले. काकाने हात लावला तेव्हा धाकटा नको म्हणाला, पण त्याने ऐकलं नाही. दार उघडलं तसा वाळक्या खळीचा आणि जुन्या कागदाचा वास बोळात आला. मधोमध पुस्तकं दाबायच्या लोखंडी दाबयंत्राचा सांगाडा होता, गंजाने तांबडा झालेला, आणि भिंतीशी धाकट्याचे दोन मोडके सोफे, एक सायकल, रंगाचे डबे. मागच्या दाराच्या कडेने काकाने खिशातला चाकू फिरवून रंग कापला, आणि धाकट्याने खांदा दिल्यावर ते गल्लीत उघडलं. लेझरवाल्याचा ठिपका भिंतीवरून फिरला. दहा फूट, चौदा फूट. बत्तीस वर्षांपूर्वीच्या साहेबांच्या टेपला इंचाचाही फरक नव्हता, हे पाहून तो स्वतःशीच हसला. काकाने हजर असल्याची सही केली. मग दाबयंत्राच्या चाकावर हात ठेवून त्याने धाकट्याला विचारलं, तुला इथे करायचं तरी काय होतं. धाकट्याने मान खाली घालून सोफे दुरुस्तीचं सांगितलं.

"कर की," काका म्हणाला. "निम्म्या जागेत कर. माझ्या यंत्राला हात लावायचा नाही."

त्याचं काय भाडं, किती दिवस, कसं, यावर दोघांची तिथेच घासाघीस सुरू झाली. सोफे विकणाऱ्याला अखेर जोडीचा माणूस भेटला होता.

चहा पिताना लेझरवाल्याने थोरलीला बाजूला घेतलं. ते सहा वर्षांचं, त्याने विचारलं, त्याचं काय करू. ती म्हणाली, मी बोलले ते बोलले, लिहा.

"काय लिहू? नोंदीत असलेली खोली नोंदीत नाही, असं मॅडमना सहा वर्षं वाटत होतं?" त्याने कप खाली ठेवला. "असं वाटण्यासाठी आपल्याकडे रकाना नाही."

तो गेला. काका आणि धाकटा मागेच होते, भावजय सोफ्यांवरची धूळ झटकत त्यांना सामील झाली होती. थोरली अण्णांपाशी जाऊन जमिनीवर बसली, त्यांच्या पायाशी, लहानपणी मापाच्या वह्या घेऊन बसायची तशी.

अण्णांनी सगळं ऐकलं होतं. बोळातलंसुद्धा.

"सहा..." ते म्हणाले. "वर्षं?"

"हो."

"विचारलं... नाहीस."

खोटं सांगणं सोपं होतं. तुमची तब्येत, तुमचं वय, असं काहीही.

"भीती वाटायची, अण्णा. तुम्ही हो म्हणाला असतात तर मी काय केलं असतं?"

हे त्यांना लागलं असणार. त्यांनी डोळे मिटले. तिला वाटलं आता ते बोलणार नाहीत. मग डाव्या हाताचं बोट त्यांनी स्वतःच्या छातीवर टेकवलं.

"मी... पण." त्यांनी मागच्या बाजूला, खोलीकडे हात केला. "त्याला... नीट... नाही सांगितलं. राग... आला होता."

एवढं बोलून ते दमले. तिने त्यांचा हात धरला. तिने सहा वर्षं विचारलं नव्हतं आणि त्यांनी सव्वीस वर्षं सांगितलं नव्हतं. त्यातलं कोणतं जास्त वाईट, याचा हिशेब करायला दोघांपैकी कुणालाच जोर नव्हता. आणि खरं सांगायचं तर आज तशी निकडही वाटत नव्हती.

काका कप घेऊन आत आला. त्याने खुर्ची ओढली आणि अण्णांच्या शेजारी, एकाच दिशेला तोंड करून बसला. चहा पांचट आहे म्हणाला. भावजयीने आतून विचारलं, काय म्हणालात. काही नाही म्हणाला. अण्णांच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला. थोरली घाबरून वर बघते तो ते हसत होते. तोंडाच्या डाव्या अर्ध्या भागाने, खांदे हलवून हसत होते.

काका त्यांना कोण कोण गेलं ते सांगू लागला. कोणता छापखाना बंद पडला, कुणाची नात कुठे शिकते, त्याचे गुडघे कसे धरतात. अण्णा मधूनच "हं" म्हणत, कधी चुकीच्या जागी. थोरलीने डोकं खुर्चीच्या दांड्याला टेकलं. तिला ऐकायचं होतं, सव्वीस वर्षांचं राहिलेलं सगळं ऐकायचं होतं, पण वाक्यांची टोकं निसटायला लागली. मागून काहीतरी जड सरकवल्याचा आवाज आला, धाकटा कशावरून तरी ओरडला, कुणीतरी त्याला गप्प केलं.

"ही झोपली की काय?" काकाचा आवाज आला, लांबून आल्यासारखा.

"या वेळेला?" धाकटा दारातून म्हणाला. "बरं वाटतंय ना तिला?"

भावजय वाकली असावी. कपाळाला हात लागला, सरावाचा, थंड.

"चांगली आहे," ती म्हणाली. "झोपू द्या. आणि हळू बोला."

ते हळू बोलू लागले.